श्वासयंत्र नाकारणे पाप आहे काय?

श्वासयंत्र नाकारणे ही आत्महत्या काय, असे आम्हांला विचारले जाते. हे यंत्र रोग बरा करीत नाही. औषध लागू पडेपर्यंत श्वास चालवते. न्यूमोनिया झाला असेल किंवा फवारणीचे विष अंगात भिनले असेल, तर भीतीपोटी ते नाकारू नये. पुष्कळ जण त्यातून बरे होतात. परंतु फुप्फुसे जुनाट रोगाने निकामी झाली असतील व सुधारण्याची आशा नसेल, तर रोग्याने नकार देणे पाप नव्हे. असे असाधारण उपाय बंधनकारक नाहीत, हे पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांना सांगितले. मात्र प्राणवायू, धाप शमवणारे औषध व शुश्रूषा थांबवू नये. रोगी शुद्धीवर असतानाच त्याची इच्छा विचारून डॉक्टरांना सांगावी.