आयएस २०६२
आयएस २०६२ हे संरचनात्मक पोलादाच्या प्रती ठरवणारे भारतीय मानक आहे. प्रतीच्या नावातील आकडा पोलाद कायमचे विरूप होऊ लागते ते किमान प्रतिबल मेगापास्कलमध्ये दर्शवतो. ई २५० प्रतीत २० मिलिमीटरपेक्षा कमी जाडीसाठी ते २५०, तर ई ३५० प्रतीत ३५० असते. त्यामुळे ई ३५० प्रतीची हलकी तुळई तेवढाच भार पेलू शकते. मात्र दोन्ही प्रतींचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे २ लाख मेगापास्कल इतकाच असल्याने लहान छेदाची तुळई अधिक वाकते. लांब गाळ्यांत वाकच निर्णायक ठरल्यास वरच्या प्रतीने पोलादाची बचत होत नाही. पुढील अक्षरे आघात चाचणीचे तापमान सांगतात: ‘बी०’ शून्य अंश, तर ‘सी’ उणे २० अंश सेल्सियस. थंड प्रदेशात ठिसूळ भंग टाळण्यासाठी ही उपप्रत महत्त्वाची असते.