शालेय शिक्षणातील फ्रेंच

अकरावीच्या प्रवेशअर्जात द्वितीय भाषेच्या रकान्यापाशी आलेला महाराष्ट्रातील विद्यार्थी जेव्हा फ्रेंचचा पर्याय निवडतो, तेव्हा त्याच्या मनात त्या भाषेच्या समृद्ध वाङ्मयापेक्षा गुणपत्रिकेचाच विचार बहुधा प्रबळ असतो. परंतु एवढ्याच हिशेबाने तिच्याकडे पाहणे हा तिच्यावर आणि स्वतःवरही अन्याय आहे.

मराठी मुलाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील मर्यादा जो घरातच शिकला, त्याला ‘त्यू’ आणि ‘वू’ यांचा भेद फारसा समजावून सांगावा लागत नाही. आणि ‘तो गेला, ती गेली’ असे कर्त्याच्या लिंगानुसार क्रियापद बदलण्याची ज्याच्या जिभेला सवय आहे, त्याला जाणे-येणे दर्शविणाऱ्या फ्रेंच क्रियापदांच्या भूतकाळातही तोच शिरस्ता आढळतो. फरक इतकाच, की ‘गेली’ लिहिताना तेथे एक अक्षर वाढते, उच्चार मात्र तोच राहतो. खरी कसोटी लागते ती निर्जीव वस्तूंच्या लिंगांपाशी, कारण आपले नपुंसकलिंग तेथे नाहीच: पुस्तक पुल्लिंगी आणि टेबल स्त्रीलिंगी, हे पाठ करण्यावाचून गत्यंतर नसते.

हा अभ्यास पुढे चालू राहावा अशी तजवीजही आहे. फ्रान्सच्या शिक्षणमंत्रालयाचे ‘डेल्फ’ प्रमाणपत्र ए-१ ते बी-२ अशा 4 पायऱ्यांनी मिळते, त्याला मुदतीचे बंधन नसते आणि त्यात श्रवण, वाचन, लेखन व संभाषण या चारही अंगांची परीक्षा होते. तेव्हा पालकांनी मुलांना फ्रेंच अवश्य घेऊ द्यावी, आणि ती बोलता येईपर्यंत सोडू देऊ नये.