१९० गोल करणारी कॅप्टन पेनल्टी दुसरीला का देते?



आज धंद्याचं बोलायला आपण थेट फुटबॉलच्या मैदानावर जाणार आहोत. फुटबॉलमधलं काही कळत नसलं तरी चालेल, गल्ल्यावर बसणाऱ्याला समजेल अशीच गोष्ट आहे.

२ ऑगस्ट २०२१. जपानमधलं काशिमा. टोकियो ऑलिम्पिक, महिला फुटबॉलची सेमीफायनल, कॅनडा विरुद्ध अमेरिका. सत्तर मिनिटं होऊन गेलीत आणि स्कोअर ०-०. आणि कॅनडाला पेनल्टी मिळते. कॅनडाने अमेरिकेला शेवटचं हरवलं होतं २००१ मध्ये, म्हणजे वीस वर्षांपूर्वी. कॅनडाची कॅप्टन आहे ख्रिस्टीन सिंक्लेअर, जगात सर्वांत जास्त आंतरराष्ट्रीय गोल करणारी खेळाडू. चेंडू तिने मारायचा, यात कुणाला शंका असायचं कारणच नाही.

पण तिने चेंडू दिला २३ वर्षांच्या जेसी फ्लेमिंगच्या हातात. फ्लेमिंगने गोल केला, कॅनडा १-० ने जिंकला आणि फायनलला गेला.

आपल्यापैकी किती जण असं करतील? खरं सांगा. मोठा कस्टमर दारात आला की आपण काउंटरवरच्या पोराला बाजूला सारतो की नाही? "थांब, मी बघतो." म्हणूनच ही गोष्ट सुरुवातीपासून सांगतो. ती चेंडू देऊ शकली, त्यामागे वीस वर्षांचा हिशोब आहे.

आधी आकडे बघू

सिंक्लेअर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या बर्नबी गावची, जन्म १९८३ चा. मार्च २००० मध्ये पोर्तुगालमधल्या अल्गार्व्ह कपमध्ये ती देशाकडून पहिल्यांदा खेळली. वय १६. पहिला सामना चीनशी, त्यात गोल नाही. दुसरा नॉर्वेशी, त्यात खातं उघडलं. म्हणजे आपल्या भाषेत, भवानी दुसऱ्या दिवशी झाली!

डिसेंबर २०२३ मध्ये ती देशाच्या संघातून निवृत्त झाली, तेव्हा हिशोब होता ३३१ सामने आणि १९० गोल. पुरुष धरा, महिला धरा, देशाकडून एवढे गोल जगात दुसऱ्या कुणाचे नाहीत. आधीचा विक्रम अमेरिकेच्या अ‍ॅबी वॉमबॅकचा, १८४ गोलांचा. तो सिंक्लेअरने २९ जानेवारी २०२० ला, ३६ व्या वर्षी मोडला.

आता कॅल्क्युलेटर काढा. १९० भागिले २४ वर्षं. वर्षाला साधारण ८ गोल. ऐकायला काहीच वाटत नाही ना? महिन्याला एकसुद्धा नाही. सामन्यांच्या हिशोबाने बघितलं तर १०० सामन्यांत ५७, म्हणजे चाळीसहून जास्त सामन्यांची भर दुसऱ्या सामन्यांनी काढली. पण ही सरासरी तिने २४ वर्षं ओढली.

बॅचमध्ये नवीन आलेली मुलं मला विचारतात, "सर, पहिल्या वर्षी टर्नओव्हर किती होईल?" मी उलट विचारतो, "सातव्या वर्षी शटर उघडणार आहेस का?" एका दिवाळीचा धंदा बघून दुकान चाललं असं म्हणू नका. श्रावणातला मंगळवार बघा.

शेवटून पहिला नंबर

२०११ चा वर्ल्ड कप जर्मनीत होता. पहिलाच सामना बर्लिनला, यजमान जर्मनीशी. या सामन्यात सिंक्लेअरचं नाक मोडलं. ती बाहेर बसली नाही, परत मैदानात आली आणि मोडक्या नाकाने फ्री किकवर गोल केला. हा किस्सा मोटिव्हेशनवाले हमखास सांगतात आणि इथेच थांबतात.

पुढचं मी सांगतो. तो सामना कॅनडा १-२ ने हरला. मग फ्रान्सशी ०-४. मग नायजेरियाशी ०-१. सोळा संघांत कॅनडा सोळावा. एकट्या माणसाने नाक मोडेपर्यंत जीव काढला तरी संघ वर आला नाही, हे त्या स्पर्धेने दाखवलं. रात्री अकरापर्यंत एकटे राबणाऱ्या दुकानदारांनी हा भाग दोनदा वाचा.

त्यानंतर संघाला जॉन हर्डमन हे नवीन कोच मिळाले आणि पुढच्याच वर्षी लंडन ऑलिम्पिक आलं.

तीन दिवसांत पुन्हा शटर वर

६ ऑगस्ट २०१२. मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड, सेमीफायनल, समोर अमेरिका. सिंक्लेअरने तीन गोल केले. तिन्ही वेळा कॅनडा पुढे गेला आणि तिन्ही वेळा अमेरिकेने बरोबरी साधली. त्यातली तिसरी बरोबरी वादातून झाली. कॅनडाच्या गोलकीपरने चेंडू सहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ हातात ठेवला म्हणून रेफरीने फ्री किक दिली. हा नियम क्वचितच लावला जायचा. त्या फ्री किकमधून पेनल्टी झाली आणि पेनल्टीतून गोल. शेवटी जादा वेळेच्याही अगदी शेवटी, १२३ व्या मिनिटाला अ‍ॅलेक्स मॉर्गनने गोल केला. ४-३. कॅनडा बाहेर.

सिंक्लेअर चिडली आणि रेफरीबद्दल बोलली. त्यासाठी फिफाने नंतर तिच्यावर ४ सामन्यांची बंदी घातली. पण आपल्या कामाची गोष्ट त्या मधल्या तीन दिवसांत आहे. ९ ऑगस्टला कांस्यपदकाचा सामना होता, फ्रान्सशी. एक वर्षापूर्वी ०-४ ने हरवणारा तोच फ्रान्स. कॅनडाने सामना १-० ने जिंकला, गोल डायना मॅथेसनने अगदी शेवटच्या क्षणी केला. १९३६ नंतर उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये कॅनडाला सांघिक खेळात पदक मिळत होतं.

तुमच्यावर अन्याय होईल. होतोच. पार्टी पेमेंट बुडवेल, शेजारी तोच माल दोन रुपये कमी भावाने विकायला बसेल. तक्रार करा, जिथे करायची तिथे करा. पण गुरुवारी सामना आहे, तो तक्रारीसाठी थांबत नाही.

पहिल्यांदा चेंडू दिला तेव्हा

आता मुद्द्यावर येऊ. काशिमामध्ये तिने चेंडू दिला आणि गोल झाला, म्हणून आपण टाळ्या वाजवतोय. पण त्याआधीही तिने दिला होता.

जून २०१९, फ्रान्समधला वर्ल्ड कप, पॅरिसमध्ये बाद फेरीचा सामना. समोर स्वीडन. कॅनडा ०-१ ने मागे आणि पेनल्टी मिळाली. सिंक्लेअर मैदानात होती. तिने जेनीन बेकीला विचारलं, तू मारतेस का? बेकीने मारली. स्वीडनच्या गोलकीपरने उडी मारून अडवली. कॅनडा वर्ल्ड कपमधून बाहेर.

अशा वेळी आपलं तोंड कसं चालतं ते आपल्याला माहीत आहे. "तरी मी म्हणत होतो, स्वतःच करायला हवं होतं." सिंक्लेअरने तसं केलं नाही. बेकीला विचारणारी मीच होते, हे तिने उघड सांगितलं आणि तिच्या पाठीशी उभी राहिली.

दोन वर्षांनी काशिमामध्ये तिने पुन्हा चेंडू दिला. चार दिवसांनी, ६ ऑगस्ट २०२१ ला, योकोहामात ऑलिम्पिक फायनल झाली. समोर परत स्वीडन, कॅनडा परत ०-१ ने मागे. या वेळी फाऊल खुद्द सिंक्लेअरवर झाला, तरी पेनल्टी मारली फ्लेमिंगने. १-१. सामना पेनल्टी शूटआऊटवर गेला तेव्हा सिंक्लेअर मैदानातही नव्हती, तिला शेवटच्या मिनिटांत बदललं होतं. कॅनडाने शूटआऊट ३-२ ने जिंकला. शेवटची पेनल्टी मारली ज्युलिया ग्रोसोने. ओल्ड ट्रॅफर्डला बरोबर नऊ वर्षं झाली होती.

३८ वर्षांच्या कॅप्टनला सोनं मिळालं ते बाहेर उभं राहून. सिंक्लेअर देशाकडून पहिला सामना खेळली तेव्हा फ्लेमिंग दोन वर्षांची होती!

मग आपण काय करायचं?

माझं भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत पन्नास नगांची ऑर्डर आली की भाव कोण ठरवणार, यावर दुकान किती मोठं होणार ते ठरतं. मालकच ठरवणार असेल, तर मालक जेवढा वेळ उभा राहील तेवढंच दुकान. बॅचमधल्या एक ताई फराळाच्या ऑर्डर घेतात. चकलीची भाजणी फक्त त्यांनाच जमते, असं त्या अभिमानाने सांगायच्या. ऐन दिवाळीत त्यांना ताप आला असता तर किती ऑर्डर परत गेल्या असत्या, हे आम्ही वहीत मांडलं. आकडा बघून त्या गप्प झाल्या. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी सुनेला सोबत घ्यायला सुरुवात केली.

तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. चेंडू देण्याआधी सराव. काम सोपवायचं म्हणजे ऐन गर्दीत "तू बघ" म्हणून निघून जायचं, असं नाही. आधी लहान ऑर्डर, मग मोठी.

२. चुकलं तर नाव तुमचं. "पोराने घोळ केला" असं कस्टमरला सांगितलंत, तर तो पोरगा पुन्हा कधी जबाबदारी घेणार नाही.

३. एकदा चुकलं म्हणून चेंडू परत घेऊ नका. २०१९ नंतर सिंक्लेअर म्हणू शकली असती, आता सगळ्या पेनल्टी मीच मारणार. तसं झालं असतं तर फ्लेमिंग कधी तयार झाली असती?

आणि चौथी, पैशाची. सोनं जिंकूनही संघाचा पगार आणि खर्च यांवरून फेडरेशनशी भांडण चालूच होतं. मार्च २०२३ मध्ये सिंक्लेअर सहकाऱ्यांसोबत कॅनडाच्या संसदेच्या समितीसमोर जाऊन बोलली. नाव मोठं झालं की पैसे आपोआप येतात, हा गैरसमज काढून टाका. बिल पाठवावं लागतं, पाठपुरावा करावा लागतो, तोही चारचौघांत न लाजता.

तिच्या सगळ्या कारकिर्दीत कॅनडात महिलांची स्वतःची प्रोफेशनल लीग नव्हती. क्लबसाठी ती अमेरिकेत खेळली, पोर्टलंड थॉर्न्सकडून २०१३, २०१७ आणि २०२२ मध्ये विजेतेपद मिळवलं. कॅनडातली लीग २०२५ मध्ये सुरू झाली. ती उभी करण्यात पुढे होती डायना मॅथेसन, तीच कांस्यपदकाचा गोल करणारी. आणि व्हँकुव्हरच्या संघात सिंक्लेअर भागीदार आहे. खेळाडू होती, आता दुकानात हिस्सा घेतलाय म्हणा ना.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातली पाच कामं लिहा, जी आज फक्त तुम्हालाच येतात. त्यातलं एक निवडा. शनिवारपर्यंत ते दुसऱ्या कुणाला तरी तुमच्यासमोर एकदा करू द्या. मध्ये बोलू नका, हात मागे बांधून उभे राहा. जड जाईल, पण करा.

पुढच्या व्हिडिओत उधारीची वही घेऊन बसणार आहोत. आपापली वही सोबत ठेवा. भेटूया!