कोरियन वाक्याची घडण आणि आपली मराठी

आषाढी वारींत ज्ञानेश्वरमाउलींची पालखी जेथें मुक्काम करते, त्या नातेपुत्याच्या एखाद्या मुलानें 'मला कोरियन शिकावयाचें आहे' असें म्हटलें, तर घरांतील वडील मंडळी चकित होतील. परंतु पुण्यानजीक रांजणगांवास एल्‌जी या कोरियन कंपनीचा कारखाना आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें माध्यमिक शाळांतील परकीय भाषांत कोरियनचें नांव घेतलें आहे. मुलाची खरी शंका निराळीच असते : 'माझें इंग्रजी बेताचें, मला हें कसें जमावें?' आमचें म्हणणें असें कीं, वाक्यरचनेपुरती मराठीचीच शिदोरी येथें अधिक कामास येते.

एकच वाक्य घ्या : 'तोंगसेंग-ई नातेपुते-ए गायो.' 'तोंगसेंग' म्हणजे धाकटें भावंड, मग तो भाऊ असो वा बहीण. 'ई' हा कर्त्याचा प्रत्यय, 'ए' म्हणजे आपला 'स' किंवा 'ला', आणि 'गायो' म्हणजे 'जातें'. धाकटें भावंड नातेपुत्यास जातें. शब्दाला शब्द लावून पहा, क्रम तोच! कर्ता आरंभीं, क्रियापद शेवटीं, प्रत्यय नामानंतर. इंग्रजीच्या वाटेनें जाणाऱ्यास हीच रचना उलटी करून घ्यावी लागते.

कांहीं बाबतींत कोरियन अधिक सोपी आहे. 'नातेपुते'चें 'नातेपुत्या' व्हावें तसें सामान्यरूप तींत नाहीं. मी जातों, ती जाते, मुलें जातात, या सर्वांस एकच 'गायो' पुरतें.

कस लागतो तो मानमर्यादेंत. कर्ते आजोबा असले कीं, 'हाराबोजी-क्केसो नातेपुते-ए गासेयो' असें म्हणावें. कर्त्याचा प्रत्यय आदरार्थी झाला आणि क्रियापदांत 'से' आलें. भावंडाच्या जेवणास 'पाप्', पण आजोबांच्या जेवणास 'चिन्जी'. शिवाय शेवटचें 'यो' हें ऐकणाऱ्याच्या मानासाठीं असतें. जिवलग मित्राला भावंडाविषयीं सांगतांना तें गळून नुसतें 'गा' उरतें. कोणाविषयीं बोलतों हें मराठी क्रियापदही दाखवितें. कोणाशीं बोलतों हें त्यांत दाखविण्याची संवय मात्र नव्यानें लावावी लागते.

लिपीची धास्ती नको. राजा सेजोंग यानें १४४६ सालीं ती सामान्य जनांसाठीं प्रसृत केली. आज तिचीं मूळ अक्षरें अवघीं २४ आहेत. शब्द मात्र परके, ते पाठच केले पाहिजेत. पण आजोबांस 'अहो' आणि भावंडास 'अरे' म्हणत जें मूल वाढलें, त्यास कोरियन व्याकरणाचा अवघड धडा निम्मा अगोदरच येत असतो.