एका पेशीची अनेक रूपे

तळ्यातील पाणवनस्पतीच्या देठावर किंवा गोगलगाईच्या शंखावर कधी कधी पांढुरका, बुरशीसारखा थर दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास तो एखाद्या फांद्या फुटलेल्या झाडासारखा भासतो आणि प्रत्येक फांदीच्या टोकाशी घंटेच्या आकाराचा एक जीव बसलेला आढळतो. हा एपिस्टायलिस होय. प्रत्येक घंटा म्हणजे एकच पेशी. तोंडाभोवतीच्या पक्ष्माभिकांनी, म्हणजे केसांसारख्या हलत्या तंतूंनी, ती जीवाणू आत ओढून घेते. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातील प्राणिशास्त्रज्ञ बी. आर. शेषाचार यांनी सी. एम. एस. दास यांच्यासह याच जीवाच्या बृहत्केंद्रकाचा अभ्यास केला आणि ते तुटल्यावर पुन्हा कसे घडते यासंबंधीचा निबंध १९५३ साली प्रसिद्ध केला.

केंद्रकाप्रमाणे या पेशीचे बाह्यरूपही स्थिर नसते. पाणी नासले किंवा त्यातील प्राणवायू कमी झाला, की घंटा आपले तोंड मिटून घेते. तिच्या खालच्या भागाभोवती पक्ष्माभिकांचे नवे कडे उगवते आणि देठ सोडून ती पोहत निघते. चांगली जागा सापडताच ते कडे नाहीसे होते व नवा देठ स्रवू लागतो. 'एकपेशीय' म्हणजे साधा, असे आपण सहज म्हणून जातो. ते फारसे खरे नाही.

येथे रूपांतराचे कारण बिघडलेले पाणी हे आहे. इतर काही जातींत ते कारण दुसरा जीव असतो. टेट्राहायमेना व्होरॅक्स हा सामान्यतः लहान तोंडाने जीवाणू खातो. परंतु जवळ त्याचेच लहान भाऊबंद आले, तर त्यांच्यापासून पाण्यात उतरलेल्या द्रव्यांची चाहूल लागून काही तासांत त्याला मोठे तोंड फुटते, आणि तो त्या भाऊबंदांनाच गिळू लागतो.

युप्लोटिसची गोष्ट याच्या उलट आहे. १९८५ साली कुलमान व हेकमान या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की लेंबाडियन हा शत्रू सान्निध्यात असला म्हणजे युप्लोटिसच्या अंगाला दोन्ही बाजूंस पंखांसारखे विस्तार फुटतात. मग तो शत्रूच्या तोंडात मावत नाही. यासाठी शत्रूची गाठ पडावीच लागते असे नाही; तो ज्या पाण्यात राहिला ते नुसते पाणी पुरते. मग हे पंख युप्लोटिस नेहमीच का बाळगीत नाही? कारण ते महाग पडतात. पंख उभारण्यात शक्ती खर्च होते, पेशीविभाजन लांबते आणि प्रजा मंदावते. म्हणून शत्रू नसलेल्या पाण्यात पुढच्या पिढ्या पुन्हा सडपातळच निपजतात.