गावच्या देवळाचा जीर्णोद्धार: चुना की सिमेंट?



गावाकडच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला मदत पाठवावी का, असे अनेक ज्येष्ठ सभासद विचारतात. जरूर पाठवावी, पण आधी विचारावे की काम चुन्यात होणार की सिमेंटमध्ये.

जुनी जाड दगडी भिंत सहसा एकसंध नसते. आतबाहेर घडीव दगड आणि मधे गोटे, कपऱ्या व चुना यांचा भराव. पावसाचे पाणी थोडेफार शिरतेच. ते चुन्याच्या सांध्यांतून वाळून जाते. वरून सिमेंट लिंपले की ती वाट बंद. ओल कोंडते, भराव खिळखिळा होतो आणि काही वर्षांनी भिंतीला पोट येते. मग सिमेंट काढू गेले तर दगडाची कडाही सोबत निघते. हेमाडपंती देवळांत तर पुष्कळदा चुनाही नसतो. दगड खाचेत आणि वजनावर बसलेले असतात.

चांगल्या हेतूनेही घात होतो. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये प्राचीन कारागिरांनी संगमरवराचे दगड लोखंडी आकड्यांनी जोडून त्यांवर शिसे ओतले होते, गंज चढू नये म्हणून. विसाव्या शतकाच्या आरंभी निकोलाओस बालानोस या अभियंत्याने दुरुस्तीत लोखंड वापरले, शिसे मात्र नाही. लोखंड गंजून फुगले, दगड तडकले. १९७५ साली समिती नेमावी लागली. मग ते दगड उतरवून टायटॅनियमचे जोड घालण्यात आले. आपल्याकडे स्लॅबमधली सळई गंजून प्लास्टर पडते, तोच हा प्रकार.

म्हणून आधी कारण शोधायचे. पन्हळ फुटली आहे का, पिंपळाचे मूळ शिरले आहे का, पायाशी पाणी साचते का? भेगेवर काचेची पट्टी चिकटवून वर्षभर पाहतात. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. पोकळी भरायची तर पातळ चुना खालून वर, थोडा थोडा सोडायचा. दगड उतरवावेच लागले तर प्रत्येकावर क्रमांक आणि आधी फोटो. ऑइल पेंट तर नकोच!

हे काम सावकाश होते, आणि चुन्याचे जाणते गवंडीही कमी उरलेत. तेव्हा देणगी एकरकमी न पाठवता टप्प्याटप्प्याने पाठवावी. गावाकडून आलेले आवाहनपत्र व भिंतीचे फोटो आमच्याकडे आणून दिल्यास गावच्या मंडळींना हे प्रश्न विचारणारे पत्र मराठीत लिहून देऊ.