एमएसचा व्यायाम : घर राजूरला, फिजिओ फोनवर

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उलटते. विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टन असते तसे मज्जातंतूंवर मायलिन असते. ते झिजले की मेंदूचे संदेश वाटेत अडखळतात. पाय जड होतात, तोल जातो, नजर अंधूक होते. आजार बहुधा विशी ते चाळिशीत गाठतो आणि त्यातही बायकांना अधिक. सगळ्यांत छळतो तो थकवा, झोप काढूनही न उतरणारा.

या थकव्यामुळेच पूर्वी डॉक्टर ‘जपून राहा, श्रम करू नका’ असे सांगत. 1996 साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात रुग्णांकडून 15 आठवडे नियमित व्यायाम करून घेतला गेला, तेव्हा त्यांचा दम आणि स्नायूंची ताकद वाढलेली दिसली. सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास दम वाढवणारा आणि दोनदा ताकदीचा व्यायाम करावा, असे 2013 च्या कॅनडातील मार्गदर्शक सूचना सांगतात.

पण हा व्यायाम शिकायचा कुठे? भोकरदन तालुक्यातील राजूर, गणपतीचे राजूर, जालन्यापासून सुमारे 25 किलोमीटरवर. मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा तर बहुतेकांना छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. पाऊल नीट उचलले जात नसलेल्या माणसाला एसटीची पहिली पायरीच डोंगराएवढी. जाऊन-येऊन दिवसभराची ताकद प्रवासातच संपते, मग व्यायामाला उरते काय? म्हणून एमएसमध्ये घरबसल्या शिकवणी ही निव्वळ सोय नाही, उपचाराचाच भाग मानायला हवी.

पहिली तपासणी मात्र समोरासमोरच व्हावी. तोल किती सावरतो, कुठला स्नायू ताठर आहे, हे हात लावल्याशिवाय कळत नाही. पुढचे धडे व्हिडिओ कॉलवर चालतात. फोन स्टुलावर असा टेकवायचा की डोक्यापासून टाचेपर्यंत सगळे दिसेल. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता उठायचे, सावकाश बसायचे. गुडघे आत वळतात का, भार एकाच पायावर येतो का, हे फिजिओथेरपिस्ट पडद्यावर पाहतो आणि तिथल्या तिथे सुधारतो. तोल जात असेल तर घरातले कुणीतरी हाताच्या अंतरावर हवेच. व्यायाम करताना बोलता यावे, गाता येऊ नये, इतपतच दम लागू द्यावा.

मराठवाड्याचा उन्हाळा हा यातला खरा अडसर. अंग तापले की एमएसची लक्षणे बळावतात. श्रमानंतर एमएसच्या रुग्णांची नजर तात्पुरती अंधूक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी 1890 मध्येच नोंदवले होते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा व्यायाम उजाडताच उरकावा. मानेवर ओला पंचा, जवळ गार पाणी, पंख्याखालची जागा. मध्येच डोळ्यांपुढे धूसर झाले तर थांबावे. अंग निवल्यावर दिसू लागले तर घाबरण्याचे कारण नाही. त्यात मज्जातंतूंची नवी हानी झालेली नसते. अनेकजण याच भीतीने व्यायाम कायमचा सोडतात, हे फार वाईट.

ताप किंवा लघवीचा संसर्ग नसताना नवा बधिरपणा, अशक्तपणा वा दृष्टिदोष 24 तासांहून अधिक टिकला, तर तो आजाराचा नवा झटका असू शकतो. अशा वेळी व्यायाम थांबवून मेंदूविकारतज्ज्ञांना लगेच कळवावे.